एक वादक, दोनशे पाहुणे

साठीशांत असते, साखरपुडा असतो, कुणाचं सहस्रचंद्रदर्शन असतं. हॉल ठरतो, केटरर ठरतो आणि मग घरातलं कोणीतरी सुचवतं, डीजेचा दणदणाट नको, एखादा बासरीवाला किंवा सतारवाला बोलवू या. सूचना कुणालाच नापसंत पडत नाही. फोनाफोनी सुरू होते आणि समोरच्याला तीन प्रश्न विचारले जातात: किती घेता, किती वेळ वाजवता, आमच्या आवडीची गाणी वाजवाल ना. तिन्हींची उत्तरं जमली की व्यवहार पक्का. प्रत्यक्ष कार्यक्रमात मात्र काहीतरी बिनसतं. वादक कोपऱ्यात वाजवत राहतो, पाहुणे बोलत राहतात, यजमान तिकडे फिरकत नाही, आणि पाकीट देता-घेताना दोघेही मनातून थोडे खट्टू असतात. माझं म्हणणं असं की वादकाला काहीही विचारण्याआधी यजमानाने स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा: आपले पाहुणे ऐकणार आहेत, की संगीत नुसतं चालू असणार आहे? वाद्य कोणतं निवडायचं, वादकाला बसवायचं कुठे, माईक किती, वेळ किती, पैसे किती, लेखी काय घ्यायचं, हे सगळं या एका उत्तरावर ठरतं. ते उत्तर आधी काढलं नाही, तर चांगला कलावंत, पुरेसे पैसे आणि झकास हॉल असूनही कार्यक्रम फसतो.

आपल्याकडे या दोन प्रकारांची जुनी आणि स्पष्ट वाटणी होती. एक होती दारची सनई. देवळाच्या किंवा वाड्याच्या नगारखान्यात चौघडा झडायचा तो ठरलेल्या प्रहरांना. लग्नात वाजंत्री मांडवाच्या दाराशी. तिथे कोणी मांडी घालून ऐकायला बसत नसे. सनईचं काम वेळ आणि प्रसंग जाहीर करण्याचं, आणि वाद्यही त्या कामाला साजेसं: दुहेरी पात, खाली रुंदावत जाणारी नळी, टोकाला धातूचा कर्णा, माईक नसताना आवाज आळीच्या टोकाला पोचणारा. दुसरी होती बैठक. दिवाणखाना, गादी-तक्के, तीस-चाळीस माणसं आणि समोर यजमान स्वतः बसलेला. बडोद्यात गायकवाडांच्या संस्थानात कलावंतांसाठी 'कलावंत कारखाना' असं वेगळं खातंच होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय दिला. तिथे खयाल, सतार, बीन, सारंगी. म्हणजे चार हातांवरून ऐकायच्या बारीक गोष्टी. दारच्या वाजंत्र्यांना बलुत्याचा नाहीतर मानाचा वाटा मिळे, पण पंगतीतली जागा शेवटची. बैठकीच्या गवयाला बिदागी आणि शालजोडी. ही वाटणी न्याय्य होती असं मी म्हणत नाही, जातीची उतरंड तीत उघड दिसते. ती भिंत वादकांनीच ओलांडली. बिस्मिल्ला खाँनी १९३७ साली कलकत्त्याच्या संगीत परिषदेत सनई मंचावर नेली, पुण्याच्या शंकरराव गायकवाडांनी ती मैफलीत ऐकवली, आणि सोलापूरकडच्या जाधव मंडळींनी सनईची आखूड बहीण सुंदरी हिला स्वतंत्र वादनाचा मान मिळवून दिला. मात्र त्या जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट पक्की होती. ऐकायचं कुठे आणि वाजू द्यायचं कुठे, याबद्दल कुणाच्या डोक्यात गोंधळ नव्हता. आजच्या बँक्वेट हॉलमध्ये आपण बैठकीचं वाद्य आणतो आणि दाराशी बसवतो.

तसं केलं की काय होतं, याचं कारण सरळ भौतिकशास्त्रातलं आहे. मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की त्याची पातळी सहा डेसिबलने उतरते. साध्या गप्पांचा आवाज एका मीटरवर साधारण साठ डेसिबल असतो, आणि माईकविना वाजणारी सतार त्याच्या फार वर जात नाही. म्हणजे पंधरा-वीस फुटांवरच्या टेबलाला सतारीपेक्षा शेजारच्या वहिनीच जास्त ऐकू येणार. मग माईक लावला जातो आणि खरी गडबड तिथून सुरू होते. एत्येन लोम्बार या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ साली दाखवून दिलं की भोवती गोंगाट असला की बोलणारा माणूस आपोआप, स्वतःला न कळता आवाज चढवतो. हॉलमध्ये एक टेबल आवाज चढवतं तसं दुसरंही चढवतं. फरशी, काचा आणि पीओपीचं छत यांतलं काहीच आवाज शोषत नाही. वादकाला स्वतःचं ऐकू येईनासं होतं, तो साउंडवाल्याला हाताने खूण करतो, साउंडवाला वाढवतो, आणि पाहुणे आणखी मोठ्याने बोलू लागतात. तासाभराने आठ नंबरच्या टेबलावरचे काका शेजाऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलत असतात आणि त्या सतारवाल्याचा त्यांना राग आलेला असतो. आवाज वाढवून श्रोते मिळत नाहीत. संगीत नुसतं चालू राहायचं असेल तर मोठ्या दोन स्पीकरांऐवजी लहान चार-सहा स्पीकर हॉलभर पसरून, शेजारच्याशी बोलताना अडचण होणार नाही इतक्या बेताच्या आवाजात ठेवावेत. ऐकायचं असेल तर बोलणं थांबेल असा ठरलेला वेळ काढावा लागतो. तिसरा मार्ग नाही.

लॉनवर कार्यक्रम असेल तर कायदाही या हिशेबात येतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. बंदिस्त सभागृहं आणि बँक्वेट हॉल यांना त्यातून सूट आहे, लॉनला नाही. वर्षातल्या काही ठरावीक दिवशी राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण ती सणउत्सवांसाठी. आपल्या मुलाचा साखरपुडा त्यात बसत नाही. निवासी भागातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. साडेसातचा कार्यक्रम आठ-पस्तीसला सुरू होण्याची आपली रीत धरली, तर दहाच्या आत ऐकण्यासाठी उरतो तो वेळ किती, हे आधीच मोजलेलं बरं.

आता वाद्याची निवड. हिंदुस्थानी संगीतात एकटा बोलावलेला वादक खरोखर एकटा क्वचितच असतो. सतार, बासरी, सरोद, व्हायोलिन यांच्यामागे तंबोरा लागतो आणि गत सुरू झाली की तबला लागतो. यजमानाने 'एकच माणूस' सांगितलेला असतो, म्हणून तंबोरा मोबाइलच्या ॲपमधून आणि ठेका तालयंत्रातून येतो. तंबोऱ्याचं यंत्र खपून जातं, कारण त्याला बदलायचं काहीच नसतं. ठेक्याचं यंत्र मात्र वादकाची वाट पाहत नाही, त्याच्या तिहाईला दाद देत नाही, लय किंचित पुढे न्यावीशी वाटली तरी नेऊ देत नाही. पाहुणे ऐकणार असतील तर तबलजीचे पैसे वाचवू नयेत. नुसतं चालू राहायचं असेल तर मुळात असं वाद्य निवडावं की ज्याच्या एकट्याच्या हातात स्वर, साथ आणि लय तिन्ही असतात: गिटार, पियानो, कीबोर्ड. गोव्यात कीबोर्ड आणि गिटार घेऊन एकट्याने अख्खी संध्याकाळ निभावणारे 'वन मॅन बँड' सर्रास मिळतात. त्यांच्या वाद्यातूनच ड्रम आणि बास निघतात, आणि ते ही गोष्ट लपवतही नाहीत. चर्चच्या शाळांतून व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवण्याची पोर्तुगीज काळापासूनची परंपरा तिथे होती. नोटेशन पाहून नवं गाणं पटकन बसवण्याचं कसब गोव्याच्या वादकांत पिढ्यान् पिढ्या का दिसतं, याचं उत्तर बऱ्याच अंशी तिथे आहे.

बासरी किंवा सॅक्सोफोनवर हिंदी-मराठी गाणी वाजवणारे बरेच जण 'ट्रॅकवर' वाजवतात, म्हणजे गायकाचा आवाज काढून टाकलेला वाद्यमेळ स्पीकरवर लागतो आणि त्यावर ते मुख्य चाल वाजवतात. यात गैर काही नाही, पण आधी विचारून घ्यावं. कारण अशा वेळी तुम्ही अर्धं जिवंत आणि अर्धं ध्वनिमुद्रित संगीत विकत घेत असता. हक्कांचा मामलाही त्यामुळे बदलतो. गाणं प्रत्यक्ष वाजवण्यात गीतकार-संगीतकारांच्या हक्काचा प्रश्न येतो. ट्रॅक लावला की ध्वनिमुद्रणाच्या मालकाचाही येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात धार्मिक समारंभांना सवलत आहे, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक सोहळे त्यात धरले आहेत. याच सवलतीचा अर्थ लावणारं गोवा सरकारचं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ साली रद्द केलं. परिपत्रक गेलं, कायद्यातली सवलत जागेवर आहे. कंपनीचा वार्षिक स्नेहमेळावा किंवा हॉटेलातली जंगी पन्नाशी मात्र लग्नात मोडत नाही, तेव्हा परवान्याचं काय, हे हॉलच्या व्यवस्थापकाला तारीख पक्की करतानाच विचारावं.

फर्माइशीवरून होणारे रुसवेफुगवे हे बहुतेक वेळा मूळ प्रश्न न सोडवल्यामुळे होतात. पैसे आम्ही देतो, मग आम्ही सांगू ते वाजवायला काय हरकत आहे, असं यजमानाला वाटतं. चालू राहणाऱ्या संगीतापुरतं ते बरोबरच आहे. तिथे वीस-पंचवीस गाण्यांची यादी पंधरा दिवस आधी पाठवावी, त्यातली कोणती हातात आहेत आणि कोणती नाहीत ते वादकाने सांगावं, विषय संपला. ऐकायच्या कार्यक्रमात मात्र यादी पाठवणं म्हणजे वैद्याला औषधं सांगून नाडी तपासायला बोलावण्यासारखं आहे. तिथे कलावंत निवडला की पुढची निवड त्याच्यावर सोपवायची. वेळ, श्रोते आणि त्यांचा कल तेवढा सांगायचा. संध्याकाळी साडेसातला तो यमन काढेल, रात्री उशिरा बागेश्री. आलाप किती आणि धून किती, हे समोरच्या चेहऱ्यांकडे पाहून ठरवेल. काही संकेत माहीत असलेले बरे. भैरवी मैफलीच्या शेवटी वाजते. काकूंना आवडते म्हणून सुरुवातीलाच भैरवीची चिठ्ठी पाठवली तर समंजस वादक हसून ती मांडीखाली ठेवतो आणि शेवटी वाजवतो. कमी समंजस असेल तो विचारतो, निघू का?

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. लोक समारंभाला एकमेकांना भेटायला येतात. नागपूरची आत्या आणि पुण्याची मावशी पाच वर्षांनी भेटतात त्या सतार ऐकायला नव्हे. त्यांना गप्प बसवणारा यजमान अरसिक नसेल, पण उद्धट नक्कीच ठरेल. शिवाय जेवणाबरोबरचं संगीत ही काही हीन गोष्ट नाही. टेलिमान या जर्मन संगीतकाराने १७३३ साली मेजवानीसाठीच्या संगीताचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला आणि त्याच्या आगाऊ ग्राहकांत खुद्द हँडेल होता. हे सगळं मान्य. पण याच युक्तिवादाला पॅरिसमध्ये मिळालेलं उत्तर मला मोठं गमतीचं वाटतं. एरिक साती या संगीतकाराने 'फर्निचर संगीत' नावाची कल्पना काढली: खुर्ची-टेबलासारखं नुसतं असणारं, कुणी लक्ष देऊ नये असं संगीत. १९२० साली एका नाटकाच्या मध्यंतरात ते वाजवायचं ठरलं आणि प्रेक्षकांना कृपया दुर्लक्ष करा असं सांगितलं गेलं. वादकांनी सूर लावले आणि लोक निमूट आपापल्या जागी परतून ऐकायला लागले. साती त्यांना बोला, फिरा म्हणून विनवत राहिला. जिवंत माणूस समोर वाजवतो आहे म्हटल्यावर काही लोक ऐकणारच, निदान आपण ऐकायला हवं असं त्यांना वाटणारच. अशा माणसांची बँक्वेट हॉलमध्ये धड ना गप्पा, धड ना संगीत अशी स्थिती होते.

म्हणून आत्या-मावशींना गप्प बसवण्यापेक्षा समारंभाचीच वाटणी करावी. तीन तासांच्या कार्यक्रमात पंचवीस मिनिटं ऐकण्याची, बाकी वेळ गप्पांचा. ही पंचवीस मिनिटं जेवणाच्या आधी असावीत, कारण स्टार्टर फिरू लागले की लक्ष ताटाकडे जातं. रिसेप्शनमध्ये स्टेजपुढे आहेर देणाऱ्यांची रांग असताना तर मुळीच नसावीत. त्या रांगेतल्या माणसाचं लक्ष आपल्यापुढे अजून किती जण आहेत यावरच असतं. खुर्च्या वादकाकडे तोंड करून, दिवे थोडे मंद, वाढपी बाहेर, फोटोग्राफरला सूचना, आणि वादकाची दोन वाक्यांत ओळख. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे यजमानाने पहिल्या रांगेत बसून ऐकायचं. तो उठून केटररशी बोलायला गेला की अख्खी रांग मोबाइल काढते. ज्यांना बोलायचंच आहे त्यांच्यासाठी बाहेरची ओसरी किंवा लॉबी मोकळी ठेवावी. ऐकण्याच्या वेळापुरता हा वादक बैठकीतला असतो. उरलेल्या वेळी त्याला विश्रांती द्यावी आणि स्पीकरवर काहीही लावावं.

तेवढ्यावर दुसरा आक्षेप उभा राहतो: मग सगळाच वेळ स्पीकरवर काहीही का लावू नये? फोनमध्ये बिस्मिल्ला खाँ आहेत, ते कुणाही भाडोत्री सनईवाल्यापेक्षा चांगले वाजवतात आणि जेवणही मागत नाहीत. संगीत फक्त चालू राहायचं असेल तर या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि कार्यालयात सनईची ध्वनिफीत लावणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. माणूस बोलवावा तो माणसाचीच गरज असते तिथे. जिवंत वादक प्रसंगाला उत्तर देऊ शकतो, ध्वनिमुद्रण देऊ शकत नाही. लग्नातला मुहूर्ताचा क्षण बघा. मंगलाष्टकं म्हणणारे हौशी नातेवाईक एक कडवं जास्त म्हणतात, गुरुजी घड्याळाकडे बघत थांबतात, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात अवघडतात. दारचा वाजंत्री गुरुजींच्या चेहऱ्यावर नजर ठेवून असतो, आणि अंतरपाट दूर होतो त्याच क्षणी ताशा आणि सनई उसळते. फोनवर तेच करायचं तर नवऱ्याच्या आतेभावाला स्पीकरशेजारी उभं करावं लागतं. तो अक्षता टाकण्याच्या नादात बटण दाबायला विसरतो, आणि दाबतो तेव्हा आधी कुठल्याशा ॲपची जाहिरात लागते. तसंच वधू पाच मिनिटं उशिरा आली तर वादक धून लांबवतो, आजोबांना गहिवरून आलं तर लय उतरवतो, मूल रडायला लागलं तर हळू होऊन थांबतो. हे हवं असेल तर पैसे मोजावेत.

पैसे किती, हा प्रश्न तासाच्या हिशेबाने सोडवायला गेलं की चुकतो. दोन तासांचे इतके कसे, असं विचारणारा माणूस त्या दोन तासांच्या आजूबाजूला काय असतं ते पाहत नाही. डोंबिवलीहून पनवेलला वाद्यासकट जाणं-येणं, पाहुणे यायच्या आत साउंड तपासणं, एसीच्या झोतात बेसूर झालेल्या तारा पुन्हा लावणं, दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते ती हातोडीने चढवणं. यात संध्याकाळ नव्हे, दिवस जातो. वर लग्नसराईचे मुहूर्त मोजके, आणि ते सगळ्यांचे एकाच तारखांना. एका संध्याकाळी एकच काम घेता येतं आणि आषाढापासून पुढे चार महिने बहुतेक रिकामे जातात. नारायणगावात गुढीपाडव्याच्या आधीपासून तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात, तेव्हा त्यांना हे पक्कं ठाऊक असतं: ज्या तिथीला अनेक गावांच्या जत्रा एकदम येतात त्या तिथीचा दर चढा. ते भाव करतात, पण 'तीन तासांचे इतके?' असं म्हणत नाहीत. शहरातल्या सुशिक्षित यजमानापेक्षा या बाबतीत गावचा कारभारी जास्त जाणता. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली यामागचं कारण मांडलं. कारखान्यात यंत्रांमुळे तासाला निघणारा माल वाढत जातो. चौघांसाठी लिहिलेली रचना वाजवायला मात्र शंभर वर्षांपूर्वी जितकी माणसं आणि जितकी मिनिटं लागत तितकीच आजही लागतात. बाकी समाजाचं उत्पन्न वाढतं तसं वादकाचंही वाढायला हवं, पण त्याच्या कामाचा वेग वाढत नाही, म्हणून जिवंत संगीत इतर वस्तूंच्या मानाने महागच होत जाणार. त्यावर उपाय कमी पैशात जास्त तास पिळून काढण्याचा नाही, कमी मिनिटं चांगली ऐकण्याचा आहे. कराच्या बाबतीत एक सोय आहे: शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही.

इतकं ठरल्यावर ते लिहून का ठेवायचं, कलावंताशी कसला करार, असा संकोच बऱ्याच घरांत असतो. तोंडी कबुलीही कायद्याने करारच असते. अडतं ते आठवणीपाशी. शिवाय या व्यवहारात कायदा काही नवखा नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलमं समजावून देण्यासाठी जी उदाहरणं घातली आहेत त्यांत गायक पुन्हा पुन्हा भेटतो. ६५ व्या कलमाखालच्या एका उदाहरणात मैफलीत गाण्यासाठी हजार रुपये आगाऊ घेतलेला गायक आजारी पडतो. कायदा सांगतो की यजमानाच्या बुडालेल्या नफ्याची भरपाई त्याने करायची नाही, पण ते हजार रुपये मात्र परत करायचे. दुसऱ्या उदाहरणातली गायिका सहाव्या रात्री मुद्दाम गैरहजर राहते. करार मोडला तरी आधीच्या पाच रात्रींचे पैसे तिला मिळायलाच हवेत. आजच्या भांडणांपैकी निम्मी या दोन उदाहरणांत मिटतात. इंग्लंडमध्ये १८७१ साली अराबेला गॉडर्ड या नामवंत पियानोवादिकेच्या आजारपणावरून खटला झाला. आजारामुळे न वाजवणं माफ, असं न्यायालय म्हणालं. पण कळवायला उशीर केला म्हणून झालेलं थोडं नुकसान द्यावं लागलं. तेव्हा व्हॉट्सॲपवर का होईना, पाच-सहा गोष्टी लिहून घ्याव्यात: पोचण्याची आणि वाजवण्याची वेळ वेगवेगळी, मध्ये विश्रांती किती, साउंड कुणाचा, साथीदार किती, इसार किती आणि कोणत्या परिस्थितीत परत, उशीर झाला तर जादा वेळेचं काय. बदली वादकाचा मुद्दा तर स्पष्टच लिहावा. ऐकण्यासाठी बोलावलेला कलावंत स्वतःच यायला हवा. नुसत्या चालू राहणाऱ्या संगीताला त्याने तितक्याच हाताचा शिष्य पाठवला तर बिघडत नाही.

हे सारं सतार-बासरीच्या चोचल्यांपुरतं आहे, वाढदिवसाला गिटार घेऊन गाणाऱ्या मुलाला याची काय गरज, असंही कोणी म्हणेल. मला उलट वाटतं. सतारवाल्याकडे निदान घराण्याचं नाव आणि पांढरे केस असतात, त्याला कोपऱ्यात बसवताना यजमान थोडा तरी चाचरतो. गिटारवाल्या पोराला दोन चाफिंग डिशच्या मध्ये, स्वयंपाकघराच्या उघड्या-मिटत्या दाराशी, एक प्लग पॉइंट आणि बिनहाताची खुर्ची देऊन उभं करतात, आणि चार तास 'थोडं अजून' म्हणत राहतात. दाराशी उभ्या असलेल्या वाजंत्र्याची जुनी जागा आपण त्याला दिलेली असते, फक्त बलुतं काढून घेऊन. त्याच्यासाठीही तोच प्रश्न आधी सोडवायचा. त्याची चार गाणी सगळ्यांनी ऐकायची असतील तर केक कापल्यावर लगेच, दिवे त्याच्यावर, बाकी शांतता. बाकीच्या वेळी मंद आवाजात, गर्दीच्या वाटेवर नाही अशा जागी, पंचेचाळीस मिनिटांनी पंधरा मिनिटांची सुट्टी देऊन. जेवण त्याने कधी घ्यायचं हे केटररला आधी सांगून ठेवावं, नाहीतर सगळं आवरल्यावर त्याच्या वाट्याला गार पुलाव आणि संपलेला रसमलाईचा ट्रे येतो. आणि उरलेली रक्कम त्याच्या हाती देण्याचं काम घरातल्या एका माणसावर नावानिशी सोपवावं, कारण गिटार खोळीत जाते त्या वेळी यजमान हमखास स्टेजवर शेवटच्या ग्रुप फोटोत उभा असतो.